आबांच्या वाट्याचा रस

अनिलला रिक्षा चालवायचा कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो घरी आल्यावर पायरीशी दिसणाऱ्या परक्या चपलांचा. चपला दिसल्या की तो रिक्षा बंद करून दोन मिनिटं तसाच आत बसून राही. परक्या चपला म्हणजे आबांना बघायला कुणीतरी आलंय. बघायला आलंय म्हणजे पिशवी आलीय, पिशवीत मोसंबी आहेत, आणि मोसंबी आहेत म्हणजे अर्ध्या तासाच्या आत त्याला काठोकाठ भरलेला एक ग्लास रस प्यावा लागणार. तोही हसऱ्या तोंडाने.

रस पिण्यात कसला आलाय त्रास, असं कुणीही म्हणेल. महाडच्या एसटी स्टँडसमोर लोक उन्हात उभे राहून रस पितात आणि वर तोंड पुसत समाधानाने हुश्श करतात. अनिलनेही आयुष्यभर तसंच केलं होतं. पण रोज दोन-तीन घरची माणसं, प्रत्येकाचा एक ग्लास, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोरून न हलणारी त्यांची नजर. असे तीन महिने काढून बघावेत, मग बोलावं.

आबा म्हणजे मालोजी, अनिलचे वडील. वय अडुसष्ट. उमरठच्या अलीकडे वीस घरांची वाडी, तिच्यातलं शेवटचं घर त्यांचं. गेल्या दिवाळीत त्यांची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी महाडच्या दवाखान्यात डायलिसिस. अनिल भांडुपला कारखान्यात होता, तो सोडून आला आणि रिक्षा घेतली. त्या दोन दिवशी आबांना सकाळी महाडला न्यायचं, मशीनवर झोपवायचं, चार तासांत वीर स्टेशनच्या दोन-तीन फेऱ्या मारायच्या आणि दुपारी त्यांना घेऊन घाटातल्या वळणांनी परत. वाडीत दुसरी रिक्षा नाही, घरात दुसरा पुरुष नाही. अनिल पडला तर आबांचं मशीन चुकलं, आणि मशीन दोनदा चुकलं तर पुढे काय होतं ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

बाकी सगळा भार पथ्यावर. आबांना दिवसाला पाणी पाऊण लिटर. अनिलची बायको सारिका रोज सकाळी एक बाटली भरून त्यांच्या खाटेशी ठेवी. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातूनच वजा. उन्हाळ्यात आबा ती बाटली हातात घेत, झाकण उघडत, वास घेतल्यासारखं करत आणि पुन्हा लावून ठेवत. तोंडात एक लवंग धरत. फळांवर तर काटच मारलेली. शहाळं नाही, केळं नाही, मोसंबी नाही, आणि रस तर अजिबातच नाही. फळात जे पोटॅशियम असतं ते धडधाकट माणसाचं शरीर लघवीवाटे टाकून देतं. आबांच्या अंगात ते साठत जाई आणि थेट काळजावर धाव घेई.

हे अनिलला कागदावरून कळलं नव्हतं. पौषात दोघे पाहुणे चार शहाळी घेऊन आले, अनिल बाहेर होता, आबांनी मान राखायला दोन शहाळी प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हात उचलवेना. महाडला नेईपर्यंत काळजाचे ठोके इतके सावकाश पडत होते की डॉक्टरांनी अनिलकडे बघितलंही नाही, आधी मशीन लावलं. त्या दिवसापासून अनिल दारात पहारा देऊ लागला.

पण पहारा कुणावर देणार? हे सगळं आबांनीच लावून दिलेलं. खोऱ्यात कुणी आजारी पडलं की पायात पायताण घालून पहिला माणूस जायचा तो मालोजी. महाडच्या बाजारातून मोसंबी आणायची, त्या घरात जाऊन स्वतः मांडी घालून बसायचं, हाताने पिळायची, फडक्यातून गाळायची आणि ग्लास आजाऱ्याच्या तोंडाला लावायचा. "ताजा हाय तोवर घे. ठेवलास का त्याचा जोर जातो." ग्लास रिकामा झाल्याशिवाय ते उठत नसत. बाळंतिणी, पडून मोडलेले, तापाने फणफणलेले, कितीजण त्या रसाने उठून बसले असतील. मोसंबीने अंगात तरतरी येते, डाळिंबाने रक्त भरतं, आवळ्याने पित्त बसतं, हे खोऱ्यात पोराबाळांना पाठ झालं ते आबांमुळे. आता तेच आबा खाटेवर पडलेत म्हटल्यावर लोक रिकाम्या हाताने येतील कसे?

सुरुवातीला अनिल सांगून बघायचा. "काकी, डॉक्टरनं मना केलाय." काकी पिशवीकडे बघायची, अनिलकडे बघायची आणि म्हणायची, "घरच्या फळाला कशाला रे मनाई? ताजा रस तो, औषध थोडाच हाय?" पंधरा दिवसांत वाडीत झालं की अनिलने बापाचं तोंड बांधलं. लोक आबांना बघायला यायचे कमी झाले. आबा दिवसभर पायवाटेकडे डोळे लावून बसू लागले, आणि हे मात्र अनिलला बघवेना.

मग एके दिवशी रंगूबाई आली. उमरठहून चालत, सहा मोसंबी पदरात बांधून. तिचा नवरा पाच वर्षांमागे कावीळ होऊन पडला तेव्हा आबा सलग अकरा दिवस तिच्याकडे जात होते. तिने स्वतः रस काढला, ग्लास आबांपुढे धरला. अनिल पुढे झाला तसं आबांनी त्याला हाताने थांबवलं. ग्लास घेतला, कपाळाला लावला, आणि अनिलकडे दिला.

"तू घे रे. मला दवाखान्यातनं मनाई हाय. तुझ्या तोंडातनं गेला म्हंजे माझ्याच पोटात गेला. काय गो रंगू?"

रंगूबाईला ते पटलं. अनिल प्यायला, ती समाधानाने बघत राहिली, आणि जाताना आबांना म्हणाली, "बघ दादा, तुझ्याच तोंडावर तेज आला." आबा हसले. किती दिवसांनी हसले.

झालं. वाडीभर पोचलं, उमरठला पोचलं. मालोजीदादाला रस द्यायचा तर अनिलला पाजायचा. माणसं पुन्हा येऊ लागली, आबांच्या खाटेभोवती गप्पा रंगू लागल्या. आणि अनिल बापाच्या वाट्याचा रस पिऊ लागला. सारिका एकदा म्हणाली, "अवो, थोडा पोरांना देवा." पण समोर बसलेल्या माणसाला ते चालत नसे. रस आजाऱ्याच्या नावाचा. तो पोरांनी पिऊन कसा पोचेल? लेकाच्याच तोंडातून जायला हवा.

महाशिवरात्रीला नालासोपाऱ्याहून चुलतभाऊ दीपेश आला, तो येताना रस काढायचं इलेक्ट्रिक मशीनच घेऊन आला. "काका, हा फ्रेश ज्यूस म्हणजे बॉडीला डायरेक्ट लागतो. इम्युनिटी, स्किन, सगळ्याला बेस्ट. टेन्शनच नाय." मशीन खरंच झकास होतं. हाताने पिळलं तर तीन मोसंब्यांत ग्लास भरे, आणि पिळणाऱ्याचा हात दुखला की तो थांबे. मशीनचा हात दुखत नव्हता. आता सहाच्या सहा मोसंबी एकदम पिळली जात, लहान ग्लास जाऊन मोठा आला, आणि वर रस आंबट लागेल म्हणून कुणीतरी मायेने दोन चमचे साखर घालत असे.

अनिल दमायला लागला ते त्याच सुमारास.

आधी त्याला वाटलं, झोप कमी पडतेय. मग वाटलं, ऊन. वीरला गाडीतून माणसं उतरत आणि रिक्षांकडे धावत, बाकीचे रिक्षावाले पुढे होऊन बॅगा धरत, आणि हा हँडलवर हात टेकून बसलेला असे. पाय शिशाचे झालेले. पँट कमरेवरून सरकू लागली, पट्ट्याला त्याने खिळ्याने दोन नवी भोकं पाडली. लोक म्हणत, "वाळलास रे अनिल. बापाची काळजी घेतोस ती बरी, पण सोताकडं बघ. रस घेत जा." तो हो म्हणे. त्यालाही तेच खरं वाटे. रस पोटात गेला की घटकाभर बरं वाटायचं आणि मग पुन्हा घशाला कोरड.

तहान तर विचारू नये. पाण्याने ती भागतच नसे. पण आबांसमोर पाणी प्यायचं कसं? ज्या माणसाला घोट घोट जपून दिवस काढायचाय त्याच्यासमोर तांब्या तोंडाला लावायला अनिलचा हात धजत नसे. तो मागल्या दारी जायचा, न्हाणीजवळच्या हंड्यातून तीन-तीन तांबे घटाघटा रिचवायचा, तोंड पुसायचा आणि कोरड्या ओठांनी पुढे यायचा. ही लपवाछपवी आपल्याला छान जमलीय असं त्याला वाटत होतं.

वीस मार्चला गुरुवार आला. त्या दिवशी महाडात चवदार तळ्याकडे माणसांचा पूर असतो, रिक्षा गावात शिरत नाही. अनिलने ती लांब हमरस्त्याला लावली आणि आबांना हाताला धरून चालत निघाला. निम्म्या वाटेत बसायची वेळ आली ती आबांवर नाही, अनिलवर. डोळ्यांसमोर सगळं धुरकट झालं होतं. रस्त्याकडेला येणाऱ्या लोकांसाठी कुणी पाण्याचे पिंप मांडले होते. एका बाईने त्याला ग्लास दिला. मग दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा पिताना त्याच्या लक्षात आलं की आबा शेजारी उभे आहेत. त्याने ग्लास खाली केला. आबांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि म्हणाले, "चल. मशीनची वेळ चुकंल."

चैत्र निम्मा सरला. एका सोमवारी आबांना मशीनवर लावून अनिल निघणार, तेवढ्यात आबांनी पूजा सिस्टरला जवळ बोलावलं. ही मुलगी बिरवाडीकडची, डायलिसिसच्या खोलीत सगळ्यांची ओळख ठेवणारी.

"सिस्टर, माझं रगात तर तुमी रोज बघता. आज ह्याचा बगा."

"का हो आबा? त्यांना काय झालंय?"

"हा पानी पितो," आबा म्हणाले. "मागल्या दारी. दिवसाला सोळा-सतरा तांबे. मी मोजलेत."

अनिल खाली बघत राहिला. आबांची खाट पुढच्या पडवीत, हंडा मागे न्हाणीत, मधे दोन भिंती. पण पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाला तांब्या हंड्यात बुडल्याचा आवाज किती लांबून येत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस तो बापाला ते ऐकवत होता.

पूजाने बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. आकडा बघून तिने पट्टी फेकली, दुसऱ्या बोटाला टोचलं. आकडा तोच आला. साखर चारशे छत्तीस.

"तुम्ही गाडी चालवत आलात? घाटातून? आबांना मागे बसवून?" तिने विचारलं. मग ती स्वतः जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

अनिलला बाकड्यावर झोपवलं, सलाईन लावलं, रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले की साखर मुळातच काठावर असणार, कुणी तपासली नव्हती, ती आता उसळली. मग त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं आणि अनिलने रसाचं सांगितलं. सांगताना त्याला लाज वाटत होती, दारू पीत असता तर कमी वाटली असती.

"दिवसाला किती?"

"तीन मोठे ग्लास. कधी चार. एकेकात सहा मोसंबी. माणसं येतात तशी."

डॉक्टर गेल्यावर पूजा जवळ येऊन बसली. "दादा, एका दिवसात अठरा मोसंबी सोलून खाल का?"

"कोण खाईल?"

"तेच. खाताना पोट बस म्हणतं. चोथा असतो, चावावं लागतं, वेळ लागतो. रस पिताना कोण बस म्हणणार? अठरा मोसंब्यांची साखर सरळ रक्तात, वर घातलेली साखर वेगळी. रस वाईट आहे असं नाही हो. निरोगी माणसाने कधीतरी एक छोटा ग्लास घ्यावा, चांगलाच असतो. पण तो तुम्हाला चालणार नाही आता. तहान लागली की साधं पाणी. आबांना ते चालत नाही, तुम्हाला चालतं. समजलं?"

समजलं होतं. पलीकडच्या पलंगावर आबांच्या डाव्या हातातून दोन नळ्या निघाल्या होत्या, रक्त मशीनमध्ये जात होतं आणि धुऊन परत येत होतं. इकडे अनिलच्या हातात एक नळी. बापलेक समोरासमोर पडले होते. दोघांनाही आता पिशवीतलं तेच फळ विष होतं, आणि ते ज्यांनी आणलं त्यांच्यातल्या एकाचंही वाईट मनात नव्हतं. कुणावर चिडावं हेही कळेना. चिडायला त्राण लागतं, ते अनिलमध्ये उरलं नव्हतं.

त्या दिवशी त्याला रिक्षा चालवू दिली नाही. पोलादपूरचा रामजी, त्याच्याच थांब्यावरचा रिक्षावाला, एसटीने महाडला आला आणि अनिलची रिक्षा चालवत दोघांना घेऊन निघाला. मागच्या सीटवर दोघे शेजारी बसले. पोलादपूर गेलं, डोंगर सुरू झाला, तेव्हा आबा बोलले.

"मीच वतला तुझ्या तोंडात."

"तुमी कुठं वतलात आबा. लोकांनी आनला, मी प्यालो."

"माझी मानसं तुटू नयेत म्हनून." आबांनी डोळे मिटले. "मला बघायला कोन येत नाय, ह्याचीच मला भीती. मरनाची तेवडी नाय."

अनिलने आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो तसाच राहू दिला.

पायरीशी चपला होत्या. रंगूबाई पडवीत बसली होती, पुढे पिशवी. सारिकाचं तोंड उतरलेलं, तिला दवाखान्यातून फोन गेला होता. पण आलेल्या माणसाला, तेही रंगूबाईला, तोंडावर सांगणार कोण? म्हणून ती नुसती उभी होती. रस काढायचं मशीन रंगूबाईनेच आतून बाहेर आणून ठेवलं होतं.

आबा खाटेवर टेकले. जरा दम खाल्ला. मग म्हणाले, "सारिका, ती पिशवी हिकडं दे. सुरी आन. आनी फडका."

"आबा, नको," अनिल म्हणाला.

"तू गप बस."

सुया टोचलेला डावा हात त्यांनी मांडीवर जपून ठेवला. सारिकाने मोसंबी अर्धी अर्धी कापून दिली आणि आबा उजव्या हाताने एकेक फोड पिळू लागले. हाताला पूर्वीचा जोर नव्हता. एका फोडीला तीनदा थांबावं लागत होतं, कपाळावर घाम आला. रंगूबाई दोनदा पुढे झाली, दोनदा त्यांनी तिला मानेनेच बसवलं. तीन मोसंब्यांचा ग्लास भरला. तो त्यांनी फडक्यातून गाळला आणि रंगूबाईपुढे धरला.

"घे गो."

ती मागे सरकली. "मी कशी पिऊ दादा? आजाऱ्याच्या नावाचा तो. तुला दिलेला."

"मला चालत नाय. ह्याला आजपासनं चालत नाय. ह्याचं रगात बिघडला, रस पिऊन पिऊन. डाक्टरनं आकडा दावला." आबा एकेक शब्द सावकाश बोलत होते. "ह्या घरात आता दोघं आजारी, रंगू. आनी तू उमरठनं उन्हात चालत आलीस. तुला चालतो. घे, ताजा हाय तोवर."

रंगूबाईचं तोंड पांढरं पडलं. तिने अनिलकडे बघितलं, त्याच्या मनगटावरच्या सलाईनच्या पट्टीकडे, ढिल्या झालेल्या सदऱ्याकडे. मग ग्लास घेतला. आबा पूर्वीसारखेच बघत बसले, ग्लास रिकामा होईपर्यंत.

"मला कुनी कदी काढून दिला नवता," ती पदराने तोंड पुसत म्हणाली. "सगळ्यांना मीच देत आले."

"मंग येत जा. हात हलवत ये. मी काढून दीन."

ती रडली थोडी. सारिकाने मशीन उचलून आत नेलं. उरलेली तीन मोसंबी पोरांसाठी कोनाड्यात ठेवली, सोलून खायला.

अनिलचा घसा सुकला होता. तो हळूच उठला आणि सवयीने मागल्या दाराकडे वळला.

"कुठं चाललास?"

"आलो, हितंच."

"पानी प्यायला ना? हितं आन."

"आबा..."

"तांब्या भरून हितं आन. आनी माझ्यासमोर बसून पी. चोरून पितोस ते मला जास्ती लागतं."

अनिल तांब्या घेऊन आला. आबांसमोर जमिनीवर बसला. त्याने पहिला घोट घेतला, मग तो पीतच राहिला, थोडं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. आबा त्याच्या गळ्याकडे बघत होते. त्यांचाही गळा त्याच्याबरोबर हलत होता.

तांब्या रिकामा झाला. आबांनी खाटेशी ठेवलेली आपली बाटली उचलली. तळाशी दोन घोट होते. त्यांनी झाकण घट्ट आहे की नाही ते बघितलं आणि संध्याकाळच्या गोळ्यांसाठी ती परत जागेवर ठेवली.

"अजून एक आन," ते म्हणाले.